मदत हवी आहे: युडोसिमा प्रजातीतील पतंगांची नावे आणि ओळख

नमस्कार. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणालगत असलेल्या आमच्या वसाहतीत दिव्यावर येणाऱ्या पतंगांची यादी मी करीत आहे. ती पुढे इतरांनाही वापरता यावी, म्हणून त्यातली नावे बिनचूक असावीत अशी मनापासून इच्छा आहे. पण युडोसिमा या एकाच प्रजातीपाशी (म्हणजे जीनसपाशी; तिच्यात अनेक जाती येतात) काम अडले आहे.

विदर्भातील संत्रा बागायतदार ज्यांना रसशोषक पतंग म्हणतात, तेच हे. यांच्या सोंडेचे टोक टणक आणि काटेरी असल्यामुळे ते पिकत आलेल्या फळाची साल भोसकू शकतात, मग त्या छिद्रातून बुरशी शिरते आणि फळ गळून पडते. फळाचे नुकसान सुरवंट नव्हे तर पतंग करतो, हे मला फार विलक्षण वाटते. सुरवंट वाढतो तो गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर.

हॅम्पसन यांच्या भारतातील पतंगांवरील 1894 च्या ग्रंथात हे पतंग ऑफिडेरेस या नावाखाली आहेत, नंतरच्या बऱ्याच लेखनात ओथ्रेइस असे नाव येते, आणि आता बिलबर्ग यांनी 1820 मध्ये दिलेले युडोसिमा हेच ग्राह्य धरतात. कुलही नॉक्ट्युइडी न राहता एरेबिडी झाले आहे. जातीच्या नावांतही असाच घोळ आहे: एकाच जातीला दोन नावे असल्याने लिनियस यांचे 1763 चे, म्हणजे आधीचे, फॅलोनिया हे नाव मुख्य ठेवून क्लर्क यांचे 1764 चे फुलोनिया समानार्थी म्हणून नोंदवावे, असे माझे मत आहे. ते योग्य आहे का?

खरी अडचण ओळखीची आहे. मागचे पंख उघडे असले, तर नारिंगी रंगावर गोल काळा ठिपका दिसताच याच प्रजातीतील मॅटर्ना ही जात ओळखता येते. फॅलोनिया आणि होमेना या दोन्ही जातींच्या मागच्या पंखावर मात्र वाकडा, स्वल्पविरामासारखा काळा डाग असतो, आणि भिंतीवर बसलेला पतंग पुढचे पंख वाळक्या पानासारखे मिटून तोही झाकून टाकतो. अशा वेळी, विशेषतः मादीच्या बाबतीत, पुढच्या पंखावरचे कोणते लक्षण भरवशाचे मानावे?

कुंपणावरच्या गुळवेलीवर सध्या काळपट, मखमली सुरवंट आहेत. प्रत्येक बाजूला डोळ्यांसारखे दोन ठिपके असून धक्का लागताच ते डोके आत वळवतात. केवळ सुरवंटावरून जात ठरवता येते, की पतंग बाहेर येईपर्यंत ते पाळावेच लागतील? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. तोपर्यंत या नोंदी मी फक्त प्रजातीपर्यंतच ठेवतो.