अनुभव धागा: पुरुषाचं नटणं आणि आपण बांधलेले अंदाज

गेल्या आठवड्यात मुलगा कान टोचून आला. वय २१, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. उजव्या कानाच्या पाळीत चांदीची बारीक बाळी. मी जेवत होतो. बायको कौतुकाने बघत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उजव्या कानात? तू तसला नाहीस ना रे?" तो काहीच बोलला नाही. हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि उठला.

याच मुलाचे कान सोनाराने टोचले तेव्हा तो बारा दिवसांचा होता. माझ्याच मांडीवर होता. मी बोटाने त्याच्या ओठांना गूळ लावला होता. पुढे ती भोकं बुजली. तेव्हा मनात काही आलं नव्हतं, आता का आलं?

रात्रभर आठवत राहिलं. १९९४-९५ साली आमच्या कट्ट्यावर एक मुलगा होता. पुण्यातल्या हाँगकाँग गल्लीतून मण्यांची माळ घ्यायचा, केसांची निगा राखायचा, इस्त्री केल्याशिवाय शर्ट घालायचा नाही. आम्ही त्याला "बायल्या" म्हणायचो. एक दिवस तो यायचा बंद झाला. कुणी विचारायलाही गेलं नाही. मीही नाही.

म्हणून हा धागा. तुमच्या कपड्यांवरून, केसांवरून, चालण्यावरून कुणी तुमच्याबद्दल काही ठरवलं असेल तर लिहा. तुम्ही दुसऱ्याबद्दल ठरवलं असेल तर तेही लिहा. ते लिहिणं जास्त अवघड आहे, पण मला ते जास्त हवं आहे. माणूस, कंपनी, कॉलेज ओळखू येईल असं काही नको.

ढोलपथकातला, वय २७

काका, मी सात वर्षं ढोल वाजवतोय. भिकबाळी कुठे घालतात? उजव्या कानात, वरच्या कडेला. पथकात बहुतेकांच्या दाबाच्या असतात, माझा कान खरंच टोचलेला आहे. मिरवणुकीत लक्ष्मी रोडला लोक थांबवून फोटो काढतात. फेटा, भिकबाळी, कपाळाला गंध, "काय रुबाबदार गडी आहे" म्हणतात.

गेल्या वर्षी विसर्जन झालं आणि मी त्याच कानात दोन बोटं खाली, पाळीत, काळा खडा घातला. सोमवारी ऑफिसात तिघांनी वेगवेगळं येऊन विचारलं, "काय, कधीपासून?" कान तोच, माणूस तोच.

उजव्या कानात डूल म्हणजे गे, हा समज १९८०च्या दशकात अमेरिकेत होता. आपल्याकडे तो ऐकीव आला आणि आपण तो आपल्याच कानांना लावला. ज्या गावात पुरुषांच्या कानात मोती असणं ही प्रतिष्ठा होती, त्या गावात. जेम्स वेल्सने काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र बघा. गळ्यात मोत्यांच्या माळा आहेत, आणि त्या बघून कुणाला पेशव्यांबद्दल शंका येत नाही.

सलून चालवतो, कर्वेनगर

आमचा हा तिसऱ्या पिढीचा धंदा. आजोबा धोकटी घेऊन वाड्यांतून फिरायचे. वस्तरा, तुरटी, छोटा आरसा, एवढंच. वडिलांनी दुकान काढलं, भिंतीला भिंतभर आरसे लावले. दाढी झाली की ते गिऱ्हाइकाच्या गालाला स्नो लावायचे आणि वर पावडरचा पफ फिरवायचे. पैलवान असो, पोलीस असो, वकील असो, सगळे डोळे मिटून लावून घ्यायचे. त्यात कुणालाही बायकी काही वाटत नव्हतं. आज एखाद्याने बीबी क्रीम लावली की बाकावर बसलेले एकमेकांना कोपर मारतात. मला तर त्या स्नो-पावडरीत आणि यात काही फरक दिसत नाही.

२००५ साली पुरुषांसाठी म्हणून गोरेपणाची पहिली क्रीम बाजारात आली. त्याआधी कितीतरी जण बायकोच्या ट्यूबमधली चोरून लावायचे, हे आम्हाला हाताला कळायचं. ट्यूबवर "पुरुषांसाठी" असं छापल्याबरोबर तीच माणसं दुकानात मोठ्याने मागायला लागली. (गोरं करण्याची क्रीम मी आता ठेवत नाही. कुणाची कातडी काळी आहे म्हणून तिला दुरुस्ती लागत नाही.)

भुवयांचं मात्र तसं झालं नाही. मध्ये जुळलेल्या भुवया दोऱ्याने साफ करायला सगळ्यांना हव्या असतात, पण पडदा ओढून. एकदा एक पैलवान आला. तालमीत कान मोडलेले, मान खांद्यातच रुतलेली. लग्न ठरलं होतं. आत बसला, पडदा ओढला, तरी म्हणाला, "दार पण लावून घ्या." मी दोरा दातात धरला तेव्हा बघितलं, त्याच्या हाताच्या मुठी आवळलेल्या होत्या. दुखतं म्हणून नाही, कुणी बघेल म्हणून. झाल्यावर आरशात बघून एवढा हसला की मलाच भरून आलं.

आता माझी गोष्ट. दुकानात एक मुलगा कामाला होता. हाताला इतका हलका की फेशियलसाठी लोक त्याचीच वाट बघायचे. बोलणं मऊ, चालणं मऊ. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "हा तसला आहे, याने माझ्या तोंडाला हात लावायचा नाही." मुलगा ब्रश धरून तिथेच उभा होता. मी त्या माणसाला काहीच बोललो नाही. त्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. गिऱ्हाईक टिकलं, पुढच्या महिन्यात मुलगा सोडून गेला. तो कोण होता, कसा होता, मला आजही माहीत नाही, आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. त्या दिवशी ज्याला दार दाखवायला हवं होतं त्याला मी खुर्ची दिली.

वय ४३, बँकेत

मी समलिंगी आहे. "तुझ्याकडे बघून वाटत नाही" हे मी आयुष्यात शंभर वेळा ऐकलंय. सांगणाऱ्याला ते कौतुक वाटतं.

वाटू नये म्हणून मी काय काय केलं ते सांगतो. सतराव्या वर्षी मिशी ठेवली, कारण वर्गातल्या ज्या मुलाला छळत होते त्याला मिशी नव्हती. बारीक चौकडीचे शर्ट, निळे आणि करडे. अत्तर नाही. हसताना तोंडावर हात जाऊ द्यायचा नाही. पायावर पाय टाकून बसायचं नाही. मनगट सरळ ठेवायचं. वीस वर्षं मी माझ्या मनगटाकडे लक्ष ठेवून जगलो. मला गुलबक्षी रंग फार आवडतो. आईच्या एका लुगड्याचा तो रंग होता. त्या रंगाचा रुमालसुद्धा मी कधी घेतला नाही.

२०११ साली पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. मी रस्त्याच्या पलीकडे गाडी बंद पडल्यासारखी करून उभा होतो. डोक्यावरचं हेल्मेट काढलं नाही. समोरून मुलं-मुली झेंडे घेऊन गेली, आणि मी किक मारत राहिलो.

६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ कलमाचा निकाल आला तेव्हा आम्ही डबे उघडून बसलो होतो. मोबाइलवर बातमी वाचून एकाने विनोद केला, सगळे हसले. मीही हसलो. नंतर हात धुवायला गेलो आणि नळ सोडून बराच वेळ तिथे उभा राहिलो. संध्याकाळी लक्ष्मी रोडला जाऊन गुलबक्षी कुर्ता घेतला. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हणालो, "माझ्यासाठी." हा एक शब्द उच्चारायला मला पस्तिशी ओलांडावी लागली.

धागाकर्ते दादा, राग मानू नका. तुमच्या मुलाने त्या क्षणी "नाही बाबा" म्हटलं असतं तर तुम्हाला हायसं वाटलं असतं ना? मला त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटते. मुलगा तसा नसेल तर त्याला एवढंच कळलं की बाबा रंगरूपावरून माणूस जोखतात. आणि असेल, तर त्याला कळलं की बाबांना कोणतं उत्तर चालणार नाही.

वय ३८, कोथरूड

वरचा प्रतिसाद वाचून लिहिते आहे. माझ्या नवऱ्याला पिळदार मिशी होती, बुलेट होती, शनिवार-रविवार गड. माझ्या माहेरच्यांनी पगार पाहिला, पत्रिका पाहिली, एकनाड नाही ना ते पाहिलं. नटणारा असता तर कदाचित कुणीतरी दबक्या आवाजात काही बोललं असतं. याच्याबद्दल कुणाला शंकाच आली नाही.

लग्नाला चार वर्षं झाल्यावर त्याने मला रडत सांगितलं. मी खूप चिडले. त्याच्यावर, मग त्याला लग्नाला उभं करणाऱ्या घरावर, मग स्वतःवर. आम्ही संमतीने वेगळे झालो. आता दिवाळीला फोन होतो, बरं बोलतो. आई अजून म्हणते, "मला कसं कळलं नाही?" आई, ते मिशीत नव्हतं गं.

वय ७६, सदाशिव पेठ

माझ्या तरुणपणी, सत्तरच्या सुमारास, मी मानेवर रुळणारे केस आणि फुलाफुलांचा शर्ट घालायचो. वडील चिडायचे, पण "हिप्पी" म्हणून. उनाड, वाया गेलेला असं म्हणायचे. हा दुसरा संशय त्यांच्या डोक्यात नव्हता. त्यांनी बालगंधर्वांची नाटकं पाहिली होती. बायका बालगंधर्वांसारखी साडी नेसायच्या, तसा अंबाडा घालायच्या, हे ते अभिमानाने सांगत. मात्र छोट्या कंपन्यांतल्या स्त्रीपार्टी नटांना रस्त्यात काय काय ऐकावं लागे, तेही सांगत. म्हणजे जुना काळ फार उदार होता असं समजू नका.

एक गोष्ट मात्र नक्की हरवली. मी आणि माझा मित्र रोज पहाटे पर्वती चढायचो, एकमेकांचा हात धरून. पन्नास वर्षं. तो गेल्या वर्षी गेला. परवा जिना उतरताना मी नातवाचा हात धरला आणि खाली रस्त्यावर आल्यावरही सोडला नाही. तो हळूच म्हणाला, "आजोबा, आता सोडा, मुलं बघतात." सोळा वर्षांचा आहे. त्याच्या मित्रांपैकी कुणी कुणाच्या गळ्यात हात टाकलेला मी पाहिलेला नाही. तुमच्या या अंदाजांची किंमत ही मुलं अशी मोजत आहेत.

हिंजवडी, वय ३१

माझं छोटं आहे. रोज दुचाकीवर दीड तास ऊन खातो, त्वचेच्या डॉक्टरांनी सनस्क्रीन सांगितलं, दोन बोटांवर रेघ ओढून तेवढं. रूममेट चिडवायचे. मी सांगायचो, "गे नाही रे, मेट्रोसेक्शुअल." म्हणजे नटणारा शहरी पुरुष. ढाल म्हणून तो शब्द बरा वाटायचा. नंतर कळलं की १९९४ साली मार्क सिम्पसन या ब्रिटिश लेखकाने तो शब्द काढला, आणि असा पुरुष कुणावर प्रेम करतो हा मुद्दाच नाही, असं त्यानेच पुढे लिहिलं आहे. म्हणजे मी ढालही चुकीचीच धरली होती. आणि "नाही रे" म्हणताना, शेजारच्या पलंगावर कुणी गप्प बसलेला असू शकतो, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आता कुणी विचारलं तर म्हणतो, "उन्हासाठी लावलंय." तेवढंच खरं उत्तर आहे.

विद्यार्थी, गाव बारामतीजवळ

मी नखांना काळा रंग लावतो. आवडतो म्हणून. हॉस्टेलवर माझी गादी दोनदा बाहेरच्या पॅसेजमध्ये टाकली. रेक्टरकडे गेलो तर म्हणाले, "तू रंग काढ, विषय संपेल." आता कॉट बेसिसवर बाहेर राहतो.

एकदा व्हिडिओ कॉलवर हात लपवायचा विसरलो. आईला दिसलं. आई शेतात जाते, तिने कधी नखं रंगवलेली मी पाहिली नाहीत. तिने फोन जवळ घेऊन बघितलं. म्हणाली, "कडंला गेलाय बघ. वाळला की दुसरा हात दे." मग कांद्याच्या भावाचं बोलायला लागली.

मी कोण आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही. कळलं की आधी तिला सांगेन.

धागाकर्ता

सगळं वाचलं. बँकेतल्या मित्रा, हो, मला हायसं वाटलं असतं. तू लिहीपर्यंत ते मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

काल रात्री मुलाचा कान लाल झालेला दिसला. मी हळद घालून खोबरेल कोमट केलं आणि वाटी घेऊन त्याच्या खोलीत गेलो. तो म्हणाला, "टोचणाऱ्याने तेल लावू नका सांगितलंय. मिठाचं पाणी लावायचंय." वाटी परत ठेवली, पाणी उकळून थंड केलं, मीठ घातलं, कापूस घेतला. त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. तुला उत्तर द्यायची गरज नाही, आत्ताही आणि नंतरही."

"हं," म्हणाला. मग मोबाइल बाजूला ठेवला, मान वळवली आणि कान माझ्याकडे केला.