‘पीडितत्वाच्या संस्कृती’वरचे भाष्य एकाच बाजूला का झुकते?

पारावरचा वाचक:
ब्रॅडली कॅम्पबेल आणि जेसन मॅनिंग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी २०१४ साली एका निबंधात तीन नैतिक संस्कृती मांडल्या: अपमानाचा बदला स्वतः घेणारी मानाची, किरकोळ अपमान गिळून गंभीर बाबींसाठीच कायद्याकडे जाणारी प्रतिष्ठेची, आणि बारीकसारीक अपमानाचीही दाद त्रयस्थाकडे मागणारी पीडितत्वाची. मांडणी मला पटते. मात्र त्यावरच्या लेखांत उजवे भाष्यकार विद्यापीठांतील डाव्या विद्यार्थ्यांचीच उदाहरणे देतात, आणि डावे भाष्यकार हेच नाव केवळ उजव्यांच्या तक्रारींना देतात. दोष मांडणीत आहे की भाष्यकारांत?

तळटीप:
थोडा मांडणीतही आहे, कारण तिची बरीचशी सामग्री विद्यापीठांतून आली आणि पुढच्यांना तीच सोयीची वाटली. एरवी २०१५ साली स्टारबक्सने नाताळचे पेले नक्षीविना निव्वळ लाल ठेवले, तेव्हा ख्रिस्ती परंपरेवर घाला झाल्याची जी ओरड झाली, तीही या व्याख्येत चपखल बसते. राज्यशास्त्रज्ञ माइल्स आर्माली आणि ॲडम एंडर्स यांनी अमेरिकी मतदारांचा अभ्यास केला, तेव्हा आपल्यावर अन्याय होतो ही भावना कोणा एका पक्षाची मक्तेदारी नसल्याचेच दिसले.

मुक्काम सिएटल:
जवळचे उदाहरण देतो. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी आमच्या नगर परिषदेने जातिभेदाला बंदी घालणारा कायदा ६ विरुद्ध १ मतांनी संमत केला. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. दलित संघटनांचे म्हणणे होते की नोकरीत आणि घर मिळवताना इथेही जात आडवी येते. विरोधातील हिंदू संघटनांचे म्हणणे होते की या कायद्यामुळे आमच्याच समाजाकडे संशयाने पाहिले जाईल. दाद दोघेही त्रयस्थाकडेच मागत होते. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात एका काकांनी पहिल्या तक्रारीला सकाळी ‘रडगाणे’ म्हटले आणि दुपारी दुसऱ्या तक्रारीच्या निवेदनावर सह्या मागितल्या. (सही मीही केली होती, हे कबूल करतो.)

आडवा प्रश्न:
दोन्ही बाजू सारख्याच, असे म्हणून थांबणे हाही एक कलच आहे. तक्रारीचा घाट सारखा असला म्हणून तिचा आधार सारखा ठरत नाही. पेल्यावर नक्षी नसल्याने कोणाचे काही जात नाही, पण आडनाव विचारून घर नाकारले, तर बिऱ्हाड अडते. मराठीत यासाठी ‘कांगावा’ हा नेमका शब्द आहे आणि तो वापरणाऱ्याला तक्रार खोटी असल्याचे दाखवून द्यावे लागते. ‘पीडितत्वाची संस्कृती’ म्हटले की तेवढे कष्ट वाचतात, आणि माझ्या मते या संज्ञेच्या लोकप्रियतेचे अर्धे कारण तेच आहे.

पारावरचा वाचक:
हे पटले. सिएटलकर, त्या दिवशी गटात कायद्याचा मसुदा कोणी वाचला होता का?

मुक्काम सिएटल:
काकांचे ठाऊक नाही. मी सही केल्यानंतर वाचला.