मदत हवी आहे: काचेच्या बाटल्यांच्या क्रेटमधली एकमेकांत अडकणारी पार्टिशन, माप कुठे चुकतंय?

रातांबा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आमचं कणकवलीजवळ घरगुती कोकम सरबत आणि आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), मोठं काही नाही, आई बाबा मी आणि सीझनला कामाला येणाऱ्या दोघीजणी. आत्तापर्यंत प्लास्टिकच्या बाटल्या वापरायचो, यंदा काचेच्या घेतल्या कारण कोल्हापूरचे दोन दुकानदार रिकाम्या बाटल्या परत द्यायला तयार झाले. बाटल्या भाजीच्या प्लास्टिक क्रेटमधून जातात, त्याच क्रेटमधून रिकाम्या परत येणार, म्हणजे पार्टिशन पण टिकाऊ आणि धुता येईल असं पाहिजे.

तर मी काय केलं, ३ एमएमचं सनपॅक शीट आणलं (ते निवडणुकीच्या बोर्डाला वापरतात ते पोकळ नळ्यांचं), कटरने पट्ट्या कापल्या, ३ लांब आणि ५ आखूड, प्रत्येकीला अर्ध्या उंचीपर्यंत खाचा, आणि एकमेकीत अडकवून २४ घरं केली. क्रेट आतून ५०८ x ३३२ एमएम, खोली २८५. बाटली ७०० एमएलची, व्यास ७४ ते ७५.५ (सगळ्या सारख्या नाहीत, हे मोजल्यावर कळलं), उंची २६८. पट्ट्या ५०६ आणि ३३० च्या कापल्या, उंची १२० ठेवली, शीट वाचावं म्हणून.

पहिलीच खेप फोंडा घाटातून गेली आणि एका क्रेटमध्ये २४ पैकी ४ फुटल्या. कोकमाचा रंग तुम्हाला माहितीच आहे, उरलेल्या वीस बाटल्यांची लेबलं गुलाबी झाली, म्हणजे नुकसान चारचं नाही चोवीसचं. शिवाय पट्ट्या क्रेटमध्ये सरळ राहत नाहीत, पोट काढतात. बाटली वर ओढली की पार्टिशनपण तिच्याबरोबर वर येतं. आणि खाचेच्या टोकाला शीट उभं फाटत जातं.

बाबा म्हणतात "भाताचा गवत घाल आणि गप रव", हापूसच्या पेटीत चालतंच की ते. पण ओल्या बाटलीला गवत चिकटतं आणि दुकानदाराला ते बघवत नाही. कुणी केलंय का हे आधी? शीट बदलू, माप बदलू, की डिझाइनच चुकलंय?

चहाबाज

सनपॅकला निवडणुकीचा बोर्ड म्हणाल्याबद्दल टाळ्या. बाकी या विषयात माझी पाटी कोरी, वाचतोय.

रंधाछिन्नी

ताई की दादा माहीत नाही, ताई धरून चालतो. क्रेटचं माप वरच्या काठाला घेतलंत की तळाला? प्लास्टिकचे क्रेट साच्यातून सुटावेत म्हणून खाली किंचित निमुळते असतात. वरचं माप घेऊन पट्टी कापली तर ती खाली जाताना अडकणार आणि पोट काढणारच, त्यात शीटचा काही दोष नाही.

दुसरं, फुटलेल्या चार बाटल्या कुठल्या जागी होत्या ते आठवतंय का? लांबीच्या बाजूने शेजारी की रुंदीच्या?

रातांबा

ताईच. आणि हो, वरच मोजलं होतं 🙈 आत्ता टेप घालून बघितलं, तळाला ४९८ x ३२२ भरतंय. म्हणजे मी प्रत्येक पट्टी ८ एमएम जास्तीची कापून कोंबत होते.

फुटलेल्यांचा फोटो होता म्हणून बघता आलं, चारही लांबीच्या बाजूने शेजारी, दोन जोड्या. आणि तडा बुडाला नाही, वर खांद्याच्या (बाटली निमुळती व्हायला लागते तिथे) जरा खाली आहे.

रंधाछिन्नी

वाटलंच होतं. आता थोडा हिशोब.

पट्टी नीट कापली असं धरा. रुंदीत ३ लांब पट्ट्या, ३ एमएमच्या, म्हणजे ३२२ मधून ९ गेले, राहिले ३१३, भागिले ४, घर ७८.२५ चं. बाटली ७५.५. मोकळीक पावणेतीन एमएम. लांबीत ५ पट्ट्या, ४९८ मधून १५ गेले, ४८३ भागिले ६, घर ८०.५ चं. मोकळीक ५ एमएम, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

आता गाडी वळणावर कलली की बाटली घरात तिरकी होते, तिचं बूड एका पट्टीला आणि अंग समोरच्या पट्टीच्या वरच्या कडेला टेकतं. तुमची पट्टी १२० उंच. खांदा कितीवर सुरू होतो ते तुम्ही लिहिलं नाही, मी १७५ धरतो. १२० उंचीत ५ एमएम कलली तर त्यावरच्या ५५ एमएममध्ये अजून २.३ एमएम कलणार, म्हणजे पट्टीच्या रेषेपलीकडे तेवढी डोकावणार. शेजारीण तिकडून तशीच कलली तर दोघींचे मिळून ४.६. मधे पट्टी किती जाड? ३. काचेवर काच आपटली. रुंदीच्या बाजूला हाच हिशोब केला तर दोघींचे मिळून अडीच येतात, ३ च्या आत, म्हणून त्या बाजूला फुटल्या नाहीत.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पट्टीची उंची खांद्यापर्यंत न्या, शीट वाचवायची जागा ही नव्हे. आणि आखूड पाच पट्ट्या ५ एमएमच्या शीटच्या करा, म्हणजे घर ८०.५ वरून ७८.८ वर येईल आणि दोन्ही बाजूंची मोकळीक जवळजवळ सारखी होईल.

रातांबा

बाप रे. खांदा १७४ ला सुरू होतो, तुम्ही बाटली बघितल्यासारखं लिहिलंय.

कोपरापासून_हात

पार्टिशन वर येतं त्यासाठी सोपी युक्ती. सगळ्या खाचा एकाच बाजूने नका करू, एक वरून एक खालून अशा आळीपाळीने करा, चटईसारखं विणलं जाईल, मग कुठलीच पट्टी सुटी निघणार नाही.

रंधाछिन्नी

कागदावर छान दिसतं, जोडून बघा. एका पट्टीला पहिल्या जागी वरून बसायचंय आणि दुसऱ्या जागी खालून, तिच्या शेजारणीचं उलटं, मग आधी कुठली बसवणार? कडक शीटमध्ये जोडताच येत नाही, पातळ कागद असेल तर वाकवून कसंबसं होतं. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील, दोन आडव्या दोन उभ्या कापून खेळून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

कोपरापासून_हात

केलं. नाही बसत. शब्द मागे 🙏

बॉक्सवाला

पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे म्हणून लिहितो. परत न येणाऱ्या मालाला आम्ही ३ प्लायचं (तीन थरांच्या पुठ्ठ्याचं) पार्टिशन देतो, तुम्ही फक्त बाटलीचा व्यास, किती बाय किती आणि पार्टिशनची उंची सांगायची, खाचा मशीनवर पडतात. पण तुमच्याकडे पावसात पुठ्ठा मऊ पडणार आणि परतीचा क्रेट धुवायचाय म्हणताय, तेव्हा तुम्हाला प्लास्टिकच बरं, माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

एक मात्र आमच्याकडून घ्या. शीटच्या नळ्यांची दिशा उभी ठेवा. उभ्या नळीला वरून दाब सोसतो. आणि तुमच्या बाबतीत अजून एक, आडव्या नळीत सांडलेलं सरबत शिरलं की तिथेच बसणार, उभ्या नळीतून निदान खाली निथळतं.

पण उभ्या नळीचा तोटा तुम्हाला दिसलाच आहे, खाच नळीच्या दिशेनेच असते म्हणून ती पुढे पुढे फाटत जाते. खाचेच्या टोकाला गोल भोक पाडा, कोपरा चौकोनी ठेवू नका, फाट तिथे थांबते. आणि खाच नुसती अर्धी नको, अर्ध्याहून एखादा एमएम खोल ठेवा, नाहीतर कटरचा हात जरा आखडला की वरच्या कडा एका रेषेत येत नाहीत.

मावशी_ऑनलाइन

मुंग्या! कुणी मुंग्यांबद्दल बोलत कसं नाही? साखरेचं सरबत आणि पोकळ नळ्या, आठवड्यात वसाहत होईल.

रातांबा

मावशी, झाली आहे. पहिल्या क्रेटमध्ये झाली आहे.

रंधाछिन्नी

पार्टिशन वर येण्याबद्दल राहिलंच. साधी जाळी असली की दोन थर असतात, खालच्या पट्ट्यांच्या खाचा वर उघड्या, वरच्यांच्या खाचा खाली उघड्या. खालची पट्टी वर यायला लागली की वरचीला आपोआप अडते. म्हणजे फक्त वरच्या पट्ट्या क्रेटला बांधल्या की सगळं बसलं. आता वरच्या कुठल्या ठेवायच्या ते तुमच्या हातात आहे. आखूड वर ठेवल्या तर ५ पट्ट्या, दोन टोकं, १० गाठी. लांब वर ठेवल्या तर ३ पट्ट्या, ६ गाठी. भाजीच्या क्रेटला भिंतीत जाळी असतेच, त्यातून बांधा.

पट्टीला कान ठेवून ते जाळीत घुसवायचे असंही करता येतं, पण जाळीची भोकं तुमच्या घरांच्या मापाला जुळतील याची काही खात्री नाही.

आणि खुणा करताना प्रत्येक खाच मागच्या खाचेपासून मोजू नका, सगळ्या एकाच टोकापासून मोजा. अर्धा अर्धा एमएम चुकत गेलं तर पाचव्या खाचेला अडीच एमएम झाले, आणि तुमची सगळी मोकळीकच तीनची आहे. शक्यतो तिन्ही लांब पट्ट्या एकावर एक क्लॅम्प लावून एकदमच कापा, चुकलं तरी सगळीकडे सारखं चुकेल.

चहाबाज

एक अडाणी शंका. भरलेली बाटली साधारण किती किलो? २४ ची क्रेट उचलतं कोण?

रातांबा

चहाबाज, शंका अजिबात अडाणी नाही. वजन करून बघितलं, भरलेली १.३ किलो, म्हणजे चोवीसच्या ३१ किलो वर, अधिक क्रेट. आत्तापर्यंत बाबा आणि टेंपोवाला दोघं मिळून उचलायचे, पण दुकानात उतरवताना तो एकटाच असतो आणि मग आपटतोच, त्याला तरी काय बोलणार. पुढच्या क्रेट अर्ध्या मापाच्या बघतेय, १२ बाटल्यांच्या. असलेल्या मात्र वापरूनच संपवायला लागतील.

रातांबा

अपडेट द्यायला उशीर झाला, पाऊस लवकर आला आणि शेवटचे रातांबे (कोकमाची फळं) वाळवायची घाई होती.

दोन क्रेटची नवीन पार्टिशन केली. कुणाला लागलं तर माप लिहून ठेवते. उंची सगळ्यांची १७०. लांब ३ पट्ट्या, ३ एमएम शीट, लांबी ४९६ (क्रेटपेक्षा २ कमी ठेवली), खाचा खालून, ५ एमएम रुंद, ८६ खोल, एका टोकापासून ७८, १६२, २४५.५, ३२९ आणि ४१३ वर सुरू होतात. आखूड ५ पट्ट्या, ५ एमएम शीट, लांबी ३२०, खाचा वरून, ३ एमएम रुंद, ८६ खोल, ७७, १५८.५ आणि २४० वर सुरू. खाच उजवीकडे मोजायची, म्हणजे ७८ ते ८३ अशी. हे मी पहिल्या पट्टीला विसरले आणि खूण मधोमध धरून कापली, ती पट्टी आता मीठ सुकवायच्या ताटाखाली आहे.

टोकाचं भोक ड्रिलने पाडायला गेले तर शीट चुरगळतं. भावाची सोल्डरिंगची गन तापवून टोचली, भोकही पडलं आणि कडा वितळून बंदपण झाली. मग त्यातच डोकं चाललं आणि सगळ्या नळ्यांची वरची तोंडं जुन्या इस्त्रीच्या कडेने दाबून बंद केली, खालची उघडी ठेवली निथळायला. वास भयंकर येतो, अंगणात करा.

बांधायला केबल टाय आणले होते पण धुताना दरवेळी कापायला लागतात. बाबांनी तंगूस (मासे पकडायची नायलॉनची दोरी) काढून दिली, सहा गाठी, सोडायच्या आणि परत मारायच्या. गवत नको म्हटल्यावर रुसले होते ते गाठी मारताना जरा निवळले.

फोंडा घाटातून दोन क्रेट गेल्या, ४८ बाटल्या, एकही फुटली नाही. परतीच्या रिकाम्या बाटल्या मात्र खडखड वाजत आल्या, वजन नाही म्हणून घरात नाचतात. त्यांचं काही करायला पाहिजे का, की रिकाम्या बाटल्यांचं एवढं मनावर घ्यायचं नाही?

रंधाछिन्नी

त्यांच्यावर एक जुनी गोधडी टाका आणि वरून दोरी आवळा. इथे हिशोबाची गरज नाही.