चेहरा ही अवयवांची बेरीज नव्हे

चेहरा ओळखताना डोळे, नाक, ओठ सुटे ओळखून मेंदू त्यांची बेरीज करतो, हे मत मला अपुरे वाटते. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू यंग व सहकाऱ्यांनी एका प्रसिद्ध चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाला जोडून दाखवला, तेव्हा वरचा भाग कोणाचा हे सांगायला लोकांना अधिक वेळ लागला; दोन्ही भाग एकमेकांपासून बाजूला सरकवताच ते सोपे झाले, कारण जुळलेल्या तुकड्यांतून मेंदू आपोआप तिसराच चेहरा घडवत होता. आपल्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेतील गर्दीत ओळखीचा माणूस क्षणात सापडतो, तोही माझ्या मते याच समग्र पाहण्यामुळे. चेहरा उलटा धरल्यास मात्र ही क्षमता बरीच क्षीण होते (मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्येच हे दाखवले होते) आणि आपण सुट्या अवयवांचा आधार घेतो.