निर्वासित, विस्थापित की ‘जगायला गेलेले’?

प्रश्न : गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्यांना एका मजकुरात ‘निर्वासित’ म्हटलंय. चालेल का? आणि ‘शरणार्थी’ वेगळा कसा?

उत्तर : नाही चालणार. तिथे ‘विस्थापित’, अर्जात तर ‘प्रकल्पग्रस्त’च लिहा. नोकरीतलं ५ टक्के समांतर आरक्षण त्या दाखल्यावर मिळतं.
‘निर्वासन’ म्हणजे घालवून देणं. निर्वासित तो, ज्याला घालवलं. शरणार्थी तो, जो आसरा मागतो. एकाच कुटुंबाला दोन्ही शब्द लागतात : पहिला सोडलेल्या दाराकडून, दुसरा ठोठावलेल्या दाराकडून.

दुसरं उत्तर : निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारातली ‘निर्वासित’ची व्याख्या याहून अरुंद आहे. देशाची सीमा ओलांडलेली हवी आणि छळाची साधार भीती हवी, तीही वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणानं. नापिकी, कर्ज, उपास यांत बसत नाहीत. भारतानं या करारावर सही केलेली नाही. तरी गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आसपासच्या गावांत तिला नुसतं ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात.

तिसरं उत्तर : व्याख्या ठीक, पण निघणारं घर एकाच कारणानं निघत नाही. जीव, पोट, पोरीबाळींची काळजी, लेकरांची शाळा, सगळं एकाच गाठोड्यात असतं. मला विचाराल तर खूण गाठोड्यात नाही, दारात आहे : मागे कोण नि काय राहतं ते बघा. मेळघाटातले कोरकू मजूर दिवाळीनंतर ‘जगायला’ जातात : पीठमीठ, भांडी सोबत, म्हातारी माणसं घरी, आणि होळीला परत. हे स्थलांतर. जिवाच्या भीतीनं निघालेले म्हातारीलाही उचलून नेतात. भांडी राहतात, कागद हाती लागले तर नशीब. पुढे ओळख पटवताना सगळं अडतं ते त्या कागदांपाशीच.

पुरवणी : आपल्या बोलीतली क्रियापदंच बघा ना. ‘गाव उठलं’ म्हणजे रोगराईनं, पाणी आटल्यानं लोक आपणहून गेले. ‘गाव उठवलं’ म्हटलं की उठवणारा कोणीतरी आला : धरण, नाहीतर व्याघ्रप्रकल्प. महसुली दप्तरात मात्र ओसाड गावाच्या नावापुढे ‘रिठी’ एवढंच लागतं. शेतं आहेत, वस्ती नाही. उठलं की उठवलं, ते सातबाऱ्यावर येत नाही.