जवळचं साधं की लांबचं खास? डिमेन्शियासाठी केंद्र निवडताना

ओसरी

आईला अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचाच (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार, मधल्या टप्प्यावर. चालते-फिरते, हाताने जेवते, जुनं गाणं लागलं की एकही शब्द न चुकता म्हणते. पण दिवेलागण झाली की 'मला घरी जायचंय' सुरू होतं आणि रात्री दाराची कडी चाचपत उभी राहते. घरी ठेवायचं की नाही हा प्रश्न आमच्यापुरता निकालात निघालाय, त्यामुळे त्यावर कृपया प्रवचन नको. (येणारच, तरी सांगून ठेवते.)

आता दोन जागा उरल्यात. पहिली घरापासून पंधरा मिनिटांवर. ज्येष्ठांसाठीचं सर्वसाधारण निवास आहे, त्यात एका बाजूला डिमेन्शिया असलेले काही जण राहतात. दुसरी अडीच तासांवर आणि फक्त डिमेन्शियासाठीच बांधलेली. धाकटा भाऊ म्हणतो जवळची घेऊ, येता-जाता डोकावता येईल. माझं मत ठामपणे दुसरीच्या बाजूने आहे. कारणं देते, खोडून काढा.

हा आजार म्हणजे नुसता विसराळूपणा नाही. डोळे शाबूत असतात, पण दिसतंय त्याचा अर्थ मेंदूला लागत नाही. चकचकीत फरशी ओली वाटते म्हणून पाऊल उचलत नाही. दारातलं काळं पायपुसणं खड्डा वाटतं म्हणून माणूस तिथेच थबकतो. लांबच्या ठिकाणी हे सगळं ध्यानात घेऊन बांधलंय. फरशी मंद आणि एकरंगी. संडासाचं दार ठळक वेगळ्या रंगाचं आणि पलंगावरून दिसेल असं. बाहेर जायचं दार मात्र भिंतीच्याच रंगाचं, म्हणजे नजर तिकडे जातच नाही. फेऱ्या मारणाऱ्यांसाठीची वाट वळून पुन्हा तिथेच येते. जवळच्या ठिकाणी लांबलचक बोळ आहे आणि टोकाला कुलूप. आई दिवसभर ते कुलूप ओढत बसेल.

नेदरलँड्समध्ये वेस्प इथे २००९ साली होगेवेक नावाची डिमेन्शियाची अख्खी वस्तीच उभी राहिली. आवारात दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह. माणसं मोकळी हिंडतात, कारण बंदोबस्त फक्त बाहेरच्या प्रवेशाशी आहे. तसं काही आपल्याला परवडणार नाही हे कळतं, पण निदान त्या दिशेचं तरी घ्यावं ना?

सडेतोड

असहमत. तुमच्या यादीतलं एकही कलम खोटं नाही, पण ती यादी इमारतीची आहे. रात्री तीनला आईला हात धरून उठवायला इमारत येत नाही.

होगेवेक तर तुमच्याच विरुद्ध साक्ष देतं. बघायला जाणाऱ्यांच्या डोळ्यांत दुकान आणि नाट्यगृह भरतं. खरी गोम अशी की तिथे एकेका घरात सहा-सात जणच राहतात आणि त्यांचं करणारे चेहरे तेच ते असतात. भिंतींना रंग दिला म्हणून ते आपोआप येत नाही.

आणि मुख्य मुद्दा. आईला काय झालं हे आई सांगू शकणार नाही. कोण खेकसलं, पाणी कधी मिळालं, किती वेळ ओल्या कपड्यांत बसली, यातलं काहीही नाही. तिची तक्रार करणारी यंत्रणा म्हणजे तुम्ही दोघं भावंडं. अडीच तासांचं अंतर असलं की तुम्ही रविवारी, आधी फोन करून, दुपारच्या वेळी जाणार. रविवारी दुपारी सगळीच केंद्रं छान असतात. पंधरा मिनिटांवर असाल तर मंगळवारी संध्याकाळी सातला, न सांगता जाल. दिवसपाळी संपलेली, रात्रपाळी नीट बसायची आहे आणि नेमक्या त्याच वेळी सगळे अस्वस्थ होतात. जागेची परीक्षा तेव्हा होते.

वडिलांच्या दंडावर निळी खूण दिसली ती मला, बाही दुमडताना. केंद्राच्या वहीत तिची नोंद नव्हती. नाव घेत नाही, पण जवळ होतो म्हणून दिसली.

ओसरी

@सडेतोड, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही पकडण्याबद्दल बोलताय, मी मुळात घडू नये याबद्दल. मी तासभर जाणार. उरलेले तेवीस तास आई ज्यांच्या हाती आहे त्यांना हा आजार कळतो का?

टॉम किटवुड नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात हेच मांडलं. माणूस फक्त आजाराने खचत नाही, भोवतालच्या वागण्यानेही खचतो. घाई करणं, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तिऱ्हाईतासारखं बोलणं, बोबडं बोलणं, उत्तर द्यायला वेळच न देणं. आणि हे दुष्ट माणसं करतात असं त्याचं म्हणणं नव्हतं. प्रेमळ माणसंही करतात, कारण कोणी शिकवलेलं नसतं. जवळच्या ठिकाणी मी डोळ्यांनी पाहिलं: एका आजोबांना भरवणारी मुलगी दुसरीशी गप्पा मारत होती आणि चमचा मात्र यंत्रासारखा चालू. वाईट नव्हती हो ती.

घरकोंबडा

प्रवचन नको म्हणालात, तरी देतो.

दोन वाईटांमधून कमी वाईट शोधताय. ज्याला नवं काही लक्षात राहत नाही त्याला नव्या जागी नेणं हे मुळातच उलटं आहे. घरात तिला अंधारात हात लांब करून दिव्याचं बटण सापडतं, कारण ती सवय मेंदूत खोल गेलेली असते. नव्या खोलीत तेही जाणार. माणसं हलवल्यावर खालावतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. सोय आपली असते आणि नाव मात्र त्यांच्या सुरक्षिततेचं.

तिरकस

आलं एकदाचं. मी वाटच बघत होतो.

काठावरची

@घरकोंबडा, तुमच्या घरी रात्री कोण जागतं ते सांगाल का? म्हणजे तुम्ही, की बायको?

आमच्याकडे सासऱ्यांचं सासूबाई करत होत्या. दोघंही ऐंशीच्या घरात. १९९९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात जोडीदाराची देखभाल करणारे वृद्ध आणि न करणारे वृद्ध चार वर्षं पाहिले. देखभालीचा ताण जाणवणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. मला तो आकडा डॉक्टरांनी सासूबाईंसमोरच सांगितला. त्या म्हणाल्या, 'मग यांचं कोण करेल?' स्वतःची काळजी त्यांच्या डोक्यात आलीच नाही. सासऱ्यांना केंद्रात हलवलं ते त्या दोघांमधलं एक तरी शिल्लक राहावं म्हणून. याला सोय म्हणायचं असेल तर म्हणा.

घरकोंबडा

रात्री मी जागतो. विचारलंत म्हणून.

आणि तो अभ्यास पूर्ण सांगा. देखभाल करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात तसा वाढीव धोका दिसला नव्हता. म्हणजे ताण उतरवायला हवा. दिवसा डे केअर, आठवड्यातून काही रात्री पगारी माणूस, मधूनमधून थोडे दिवस केंद्रात ठेवून घरच्यांना विश्रांती. हे सगळं करून बघायच्या आधीच लोक कायमच्या प्रवेशाचा अर्ज भरतात. ओसरीताईंबद्दल नाही म्हणत, त्यांनी केलं असेल.

ओसरी

केलं. पगारी माणसाला आई चोर समजून ओरडायची. पुढे चला.

रातराणी

मी अशा केंद्रात नर्स म्हणून बरीच वर्षं नाईट केली आहे, म्हणून थोडं लांबेल.

ओसरी, तुम्ही भिंती बघितल्यात आणि सडेतोड, तुम्ही दंड बघितलात. तुम्ही दोघांनी पाहिलं नाही असं बरंच आहे. जाल तेव्हा तिथल्या रहिवाशांकडे जवळून बघा. चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का? चष्मा त्याच माणसाचा आहे का? (हसू नका. कवळ्यासुद्धा अदलाबदल होतात.) कानातल्या यंत्राचा सेल चालू आहे का? नखांत काय आहे? दुपारी तीनला माणसं खोल, मागे कललेल्या खुर्च्यांत रांगेने बसवलेली असतील तर त्यांना आराम दिलाय असं समजू नका. त्या खुर्चीतून त्यांना एकट्याने उठता येत नाही. बांधून ठेवण्याचाच तो सभ्य प्रकार आहे. पलंगाच्या कठड्याचंही तेच. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून जातो आणि मग जास्त उंचीवरून पडतो.

मग औषधांचं विचारा. 'शांत राहावेत म्हणून' किती जणांना मानसिक आजारांवरची (अँटिसायकोटिक) औषधं दिली जातात, कोण लिहून देतं आणि ती बंद करायचा विचार कधी होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच सर्वांत कडक दर्जाचा इशारा दिला होता: डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक गोळ्यांनी मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट होतो. २००८ मध्ये जुन्या गोळ्यांनाही तो लागू केला. कधीच देऊ नयेत असं नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल आणि बाकी सगळं करून झालं असेल तर थोड्या काळासाठी देतात. पण लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर हॅलोपेरिडॉलसारखं औषध जिवावर बेतू शकतं. आईचं निदान नक्की कोणत्या प्रकारचं आहे हे केंद्राने तुम्हाला आपणहून विचारलं का? नसेल विचारलं, तर तो काळा शेरा समजा.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारायला सांगते: 'काल शांत असलेला माणूस आज अचानक आरडाओरडा करायला लागला तर तुम्ही पहिल्यांदा काय करता?' चांगली सिस्टर म्हणेल, लघवीचा संसर्ग आहे का बघतो, पोट साफ झालंय का बघतो, कुठे दुखतंय का बघतो, नवीन गोळी सुरू झालीय का बघतो. कारण अचानक झालेला बदल हा बहुतेकदा डिमेन्शिया वाढल्याने नसतो. 'डॉक्टरांना फोन करून इंजेक्शन देतो' असं उत्तर आलं तर चहा न पिता उठा.

जवळ की लांब? आई आज चालती आहे, म्हणून ती गोल वाट आणि प्रशिक्षित माणसं यांचा उपयोग आज आहे. अंथरुणाला खिळेल तेव्हा संडासाच्या दाराचा रंग कोणाला दिसणार? तेव्हा रोज येऊन हात धरणारं माणूस लागतं. टप्प्याप्रमाणे उत्तर बदलतं.

काठावरची

+१, पण शेवटच्या परिच्छेदाशी नाही. म्हणजे आधी लांब ठेवायचं आणि मग जवळ आणायचं? एकदा हलवल्यावर काय होतं हे घरकोंबडा यांनी वर लिहिलंय आणि एवढ्यापुरते ते बरोबर आहेत. सासऱ्यांना नव्या चेहऱ्यांकडून आंघोळ करून घ्यायलाच कित्येक आठवडे लागले. ते दोनदा करायला लावणं क्रूर आहे. जिथे शेवटपर्यंत ठेवतील अशीच जागा पहिल्यांदा घ्यावी, मग ती थोडी कमी छान असली तरी चालेल.

रातराणी

मान्य, दोनदा हलवणं टाळता आलं तर टाळावंच. पण 'शेवटपर्यंत ठेवू' हे प्रवेशाच्या वेळी सगळेच म्हणतात. करारात शोधा: कोणत्या परिस्थितीत ते माणसाला परत न्यायला सांगू शकतात? मारहाण, सतत पळून जाणं, नळीने अन्न देण्याची वेळ, यांतलं काय काय लिहिलंय? गेल्या वर्षी कितीजणांना परत पाठवलं आणि का? गिळणं अवघड झाल्यावर काय करतात तेही विचारा. शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. अमेरिकेतली जेरियाट्रिक्स सोसायटी, म्हणजे वृद्धांवर उपचार करणाऱ्यांची संस्थाही नळीऐवजी हाताने, सावकाश भरवण्याचा सल्ला देते. पण एकेकाला भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढे हात त्यांच्याकडे आहेत का, हा खरा सवाल. ओसरीने सांगितलेला तो चमचा आठवा.

तिरकस

एक शंका. एवढे प्रश्न विचारणाऱ्या कुटुंबाला कोणतं केंद्र प्रवेश देईल?

रातराणी

जे देईल ते घ्यायचं. 😀

सडेतोड

गंमत बाजूला. रातराणी यांनी सांगितलेलं जवळजवळ सगळं वारंवार गेल्याशिवाय कळणारं आहे. चष्म्याची काच, नखं, दुपारी तीनच्या खुर्च्या. पहिल्या भेटीत कळलं तरी सहा महिन्यांनी मॅनेजर बदलल्यावर काय? चांगली जागा बिघडते, माणसं सोडून जातात. लांबच्या ठिकाणी हे तुम्हाला सगळ्यात शेवटी कळणार. मी माझ्या मतावर ठाम.

ओसरी

काल संध्याकाळी सातला जवळच्या ठिकाणी न सांगता गेले. भावाला घेऊन, म्हणजे नंतर वाद नको.

माझ्या अपेक्षेपेक्षा बरं निघालं, हे सांगायलाच हवं. एक आजी 'मुलगा आणायला येणार आहे' म्हणून बॅग घेऊन दाराशी उभ्या होत्या. केअरटेकरने त्यांना ना अडवलं, ना खोटं सांगितलं. 'मुलगा काय करतो तुमचा?' असं विचारत, बोलत बोलत फिरवून आणलं. बॅग तिने स्वतःच धरली होती. हे तिला कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, कोणी नाही, तिच्या आजीला हाच आजार होता.

पण रात्री दोन मजल्यांना मिळून एकच माणूस. औषधांच्या प्रश्नावर मॅनेजर म्हणाले, ते डॉक्टर बघतात. निदानाचा प्रकार कोणी विचारला नाही. भाऊ त्या केअरटेकरवर खूश आहे. मी म्हणते, ती दिवसपाळीची मुलगी उद्या नोकरी सोडून गेली तर उरतं ते कुलूपच. लांबच्या ठिकाणी रात्री प्रत्येक मजल्यावर दोघं असतात असं सांगतात, पण तिथे रात्री जाऊन बघितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तिथे मुक्कामाला जाऊन रात्री चक्कर मारणार आहे. जवळच्यांना रात्रीचा दुसरा माणूस द्याल का असं लेखी विचारलंय.

घरकोंबडा

जवळच्यांनी दुसरा माणूस दिला तर त्यांना माझंही मत. तोवर मी घरीच.

रातराणी

लेखी उत्तर आलं की एवढं अजून विचारा: रात्री कोणाला तरी हॉस्पिटलात न्यावं लागलं तर सोबत कोण जातं आणि मागे मजल्यावर कोण उरतं? आमच्याकडे त्या रात्री स्वयंपाकी बसायचा.

सडेतोड

आणि हे मॅनेजरला विचारू नका. रात्रपाळीवाल्याला विचारा, दोन्ही ठिकाणी.