फायरवॉलचा दोष नसावा

शेअरपॉइंट डिझायनरमध्ये (शेअरपॉइंटच्या साइट्स बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये) साइट उघडत नाही, या तुमच्या प्रश्नावर वर फायरवॉल बंद करून बघायचा सल्ला आलाय, पण तो इथे लागू होईल असं वाटत नाही. साइट उघडताना तीनदा पासवर्ड विचारला जातो आणि मग ४०१ (लॉगिन नाकारल्याचा एरर) येतो, म्हणजे विनंती सर्व्हरपर्यंत पोचतेय. फायरवॉलने अडवलं असतं तर पासवर्डची खिडकीच आली नसती, नुसतं ताटकळत बसावं लागलं असतं.

आधी एवढंच सांगा, डिझायनर सर्व्हरवरच बसून चालवताय का? आमच्या टीम साइटचं मास्टर पेज बदलताना मी दोन दिवस परवानग्या तपासण्यात घालवले. शेवटी सहज शेजारच्या मशीनवरून तीच साइट उघडली तर पहिल्या फटक्यात उघडली! कारण निघालं लूपबॅक चेक. विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून ही तपासणी आहे. साइटचं नाव मशीनच्या नावापेक्षा वेगळं असेल आणि विनंती त्याच मशीनवरून आली, तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं. आयआयएसच्या (विंडोजच्या वेब सर्व्हरच्या) लॉगमध्ये ४०१.१ दिसला की हेच कारण असण्याची शक्यता मोठी. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) लसा (Lsa) खालच्या एमएसव्ही१_० (MSV1_0) मध्ये बॅककनेक्शनहोस्टनेम्स (BackConnectionHostNames) नावाची मल्टी-स्ट्रिंग नोंद करा, त्यात साइटचं नाव टाका आणि आयआयएस अ‍ॅडमिन सर्व्हिस रीस्टार्ट करा. डिसेबललूपबॅकचेक (DisableLoopbackCheck) ही रजिस्ट्रीतली नोंद वापरून तपासणी सरसकट बंद करायचा उपायही सुचवला जातो, पण कामाच्या सर्व्हरवर कृपया तो करू नका, ती तपासणी सुरक्षेसाठीच आहे.